धीर धरा म्हणजे दावा मागे घ्या असं नव्हे

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे चौदा वर्षं कामाला होता. एके दिवशी गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. पगारातून प्रॉव्हिडंट फंड दर महिन्याला कापला जात होता, खात्यावर मात्र शेवटच्या काही वर्षांचा भरणाच नाही. कामगार न्यायालयात दावा टाकला, त्याला तिसरं वर्ष लागलं. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, ‘धीर धरा, देव बघून घेईल. विश्वासणाऱ्याने कोर्टकचेरी करू नये.’ नवरा उपासनेला येईनासा झाला आहे. ताई विचारतात: दावा मागे घ्यावा का? माझ्या मनात जो संताप आहे तो पाप आहे का? आणि आशा धरायची ती नेमकी कशाची?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पुढची तारीख जवळ असेल. दावा मागे घेऊ नका. धीर धरा हे वचन पवित्र शास्त्रात आहे, पण ते ज्या जागी आहे तिथे जाऊन वाचलं तर तुम्हाला सांगितला जातोय तो अर्थ त्यातून निघत नाही.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. ‘धीर धरा’ हे सातव्या वचनात येतं आणि आपल्याकडे शास्त्रपाठ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. पहिली सहा वचनं राहून जातात. त्या सहा वचनांत याकोब धनवानांना फैलावर घेतो. तुमच्या शेतांची कापणी ज्या मजुरांनी केली त्यांची मजुरी तुम्ही अडवून ठेवली. ती मजुरीच ओरडते आहे, आणि त्या मजुरांच्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत, असं तो म्हणतो. हा आरोप तुमच्या घरच्या प्रकरणाशी शब्दाला शब्द जुळतो. आणि याकोब काही नवीन सांगत नव्हता. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीत गुंतलेलं आहे, हे नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आधीच लिहिलेलं होतं.

म्हणजे क्रम बघा. आधी अन्यायाला अन्याय म्हटलं. कुणी केला, काय केलं, किती वाईट केलं, हे उघड सांगितलं. त्यानंतर ज्यांची मजुरी अडली त्यांना जवळ घेऊन सांगितलं की प्रभू येईपर्यंत धीर धरा. तुमच्या मंडळीत पहिली सहा वचनं कुणी तुमच्या बाजूने बोललं का? कंत्राटदाराला नाही तर निदान तुमच्यासमोर, ‘हे चुकीचं झालं’ असं कुणी म्हटलं का? म्हटलं नसेल, तर सातवं वचन तुमच्यापुढे ठेवायचा त्यांचा अधिकार कमी पडतो. अन्यायाला नाव न देता दिलेला धीर घशाखाली उतरत नाही, आणि तो उतरत नाही म्हणून तुम्ही स्वतःला अविश्वासी समजू नका.

पुढे याकोब शेतकऱ्याचं उदाहरण देतो. तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. त्या देशात पाऊस हिवाळ्यातला. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येतो, त्यावर नांगरट आणि पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, त्यावर दाणा भरतो. पाऊस पाडणं शेतकऱ्याच्या हातात नाही. पण पेरलंच नाही तर शेवटचा पाऊस येऊन काय उपयोग? त्यानंतर धीराचा कित्ता म्हणून याकोब नावं घेतो ती संदेष्ट्यांची आणि ईयोबाची. संदेष्टे गप्प बसणारे होते असं कुणी म्हणेल का? आणि ईयोब तर तिसऱ्या अध्यायापासून देवाशी जो भांडायला लागतो तो अध्यायामागून अध्याय भांडतो. तरी अखेरीस देव त्याच्या त्या शहाण्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते बोलला माझा सेवक ईयोब. ज्याने तक्रार केली त्यालाच याकोब धीराचं उदाहरण म्हणून उभं करतो.

आता कोर्टाचं. वडीलधाऱ्यांच्या मनात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय आहे. तिथे पौल खरंच रागावला आहे, पण कशावर? एकाच मंडळीतले भाऊ एकमेकांवर किरकोळ बाबींसाठी खटले भरत होते. तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, असं तो विचारतो. एका कामगाराने आपल्या बुडवलेल्या पगारासाठी मालकाकडे दाद मागणं हा त्या अध्यायाचा विषयच नाही. पौलाचं स्वतःचं वागणं पाहायचं तर प्रेषितांची कृत्ये वाचावीत. फिलिप्पै इथे त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात घातलं. रात्री तो आणि सीला खोड्यात पाय अडकलेले असताना स्तोत्रं गात होते, ते आपण संडेस्कूलपासून ऐकतो. पण सकाळची गोष्ट सांगायची राहते. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. दोषी न ठरवता आम्हाला चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप बाहेर घालवता काय? त्यांनी स्वतः इथे यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी आले, विनवणी केली. रात्री गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा हा एकच माणूस आहे.

कैसरियातली हकिकत तर तुम्ही यजमानांना मुद्दाम वाचून दाखवा. त्याच पुस्तकाचा चोविसावा अध्याय. पौल रोमन सुभेदार फेलिक्सच्या ताब्यात आहे. फेलिक्सने सुनावणी घेतली आणि तहकूब केली. मग बोलावून घेतलं, ऐकलं, आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. पुढचं वाक्य असं आहे की पौलाकडून आपल्याला पैसे मिळतील अशी त्याला आशा होती, म्हणून तो त्याला वरचेवर बोलावून घेई. अशी दोन वर्षं गेली आणि फेलिक्सची बदली झाली, तरी पौल कैदेतच. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही हे वाचून ओळख पटते. पौलाने त्या दोन वर्षांत पैसे दिले नाहीत. दावाही सोडला नाही. नवा सुभेदार फेस्त आला तेव्हा त्याने सरळ कैसराजवळ, म्हणजे रोमच्या सम्राटाजवळ, दाद मागितली. संकटाने धीर उत्पन्न होतो, धीराने शील आणि शिलाने आशा, हे रोमकरांना आधीच लिहून बसलेला माणूस स्वतः ते असं जगला. लाच न देता थांबणं, खोटा साक्षीदार उभा न करता थांबणं, समोरच्याला शिव्या न घालता थांबणं, आणि तरी तारीख न चुकवणं: ख्रिस्ती धीर मला तरी असाच दिसत आला आहे.

सूड आणि दावा यांत गल्लत होऊ देऊ नका. सूड उगवू नका, तो देवाकडे सोडा, असं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे आणि ते तुम्हाला लागू आहे. कंत्राटदाराच्या मुलाबाळांचं वाईट व्हावं असं मनात आलं तर ते प्रभूजवळ ठेवा. पण चौदा वर्षांच्या घामाचा हिशेब मागणं हा सूड नव्हे. क्षमा केलेला माणूसही हिशेब मागू शकतो. येशूला महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? दुसरा गाल पुढे करा म्हणणाराच हे विचारतो. त्याने उलट हात उचलला नाही आणि प्रश्नही सोडला नाही.

तुमच्या संतापाबद्दल. स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं फार मोठ्या संख्येने आहेत. आपण उपासनेत घेतो ती मात्र बहुधा स्तुतीची. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते ‘कोठवर?’ या विचारण्याने, आणि ते चारदा येतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचं एक वाक्य नाही. ज्यांनी शास्त्राची ही पुस्तकं जपली त्यांनी ते स्तोत्र काढून टाकलं नाही. शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, वधलेल्या साक्षीदारांचे आत्मे देवाच्या वेदीखाली आहेत, आणि तेसुद्धा मोठ्याने विचारतात, हे स्वामी, तू कोठवर न्याय करणार नाहीस? स्वर्गात पोचलेल्यांच्या तोंडी जो प्रश्न आहे तो तुमच्या तोंडी आला म्हणून तुमचा विश्वास कमी झाला असं मी मानणार नाही. मी माणसांना सांगतो ते इतकंच: तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा, आणि शत्रू हा शब्द येईल तिथे थांबून जे घडलं ते नाव घेऊन, रक्कम सांगून देवाला सांगा. सुशोभित प्रार्थना करू नका. ज्याच्याशी आपण बोलतच नाही त्याच्यावर आपण रागावलेलेही नसतो. रागावून बोलणारा माणूस अजून त्या दारातच उभा असतो.

यजमान उपासनेला येत नाहीत त्याचं कारण श्रद्धेत शोधण्याआधी आणखी एका ठिकाणी शोधा. काम गेलेला माणूस मंडळीत कुठे बसतो ते मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. पहिले काही रविवार नेहमीच्या बाकावर. मग मागच्या बाकावर, भिंतीकडेच्या टोकाला नव्हे, मधल्या वाटेच्या टोकाला. अर्पणाचं गीत सुरू झालं की तो पाणी प्यायला उठतो. पिशवी पुढून सरकून जाताना हात रिकामा असण्याची लाज त्याला सहन होत नाही. आणि उपासना सुटल्यावर अंगणात प्रत्येक जण प्रेमाने विचारतो, ‘मग, काय चाललंय सध्या?’ त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. दोनचार महिन्यांनी तो येतच नाही आणि आपण म्हणतो, विश्वासात थंड झाला. त्यांना ओढून आणू नका. तुमच्या पाळकांना सांगा की घरी या, प्रश्न न विचारता चहा घ्या, जाताना प्रार्थना करा, आणि पुढच्या तारखेला बरोबर चला. त्यातलं शेवटचं जास्त महत्त्वाचं.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. काम गेल्याच्या वैतागात घरी हात उचलला जात असेल, तर तिथे धीर धरा हे वचन लागू करू नका आणि कुणी केलं तर ऐकू नका. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण अशा घरांत ते घडतं आणि बायका धीराच्या नावाखाली सोसत राहतात. घरातल्या मारहाणीविरुद्ध 2005 चा कायदा आहे. आधी सुरक्षित जागी जा, बाकी नंतर.

आता आशा. इथे मला भीती वाटते ती निराशेपेक्षा खोट्या आशेची. तुम्हाला कुणीतरी सांगेल, मला दर्शन झालं, या ईस्टरपर्यंत तुमच्या बाजूने निकाल लागणार. एवढं अर्पण पेरा, शंभरपट मिळेल. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात असाच एक माणूस आहे, हनन्या. बाबेलच्या राजाचं जू देवाने मोडलं आहे, दोन वर्षांत सगळं परत येईल, असं तो भर मंदिरात सांगतो. लोकांना ते ऐकायचंच होतं. यिर्मया म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. पण ते खरं नव्हतं. यिर्मयाने बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पत्र पाठवलं त्यात सत्तर वर्षं लिहिली होती. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक परतीचा दिवस पाहणार नव्हते. त्या पत्रात तो त्यांना रडत बसा म्हणत नाही. घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याचं हित चिंता. तारीख देणारी आशा तारीख उलटली की माणसाला पहिल्यापेक्षा खोल खड्ड्यात टाकते. मी तुम्हाला निकालाची तारीख सांगणार नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून दूर राहा.

याच यिर्मयाने आशा कशी असते ते बत्तिसाव्या अध्यायात करून दाखवलं. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. ज्या गावावर शत्रूचा ताबा, तिथलं शेत! यिर्मया ते घेतो. आणि मजकूर किती बारकाईने लिहिला आहे पाहा: सतरा शेकेल रुपं, तराजूत तोलून दिलं; खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या; एक प्रत मोहरबंद, एक उघडी; दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितलं की मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असं परमेश्वर म्हणतो. विशेष म्हणजे व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थनेत देवाला म्हणतो, नगर तर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! शंका मनात होती तरी खत झालं होतं.

डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून आपल्या वाग्दत्त वधूला 1943 च्या ऑगस्टमध्ये पत्र लिहिलं, त्यात यिर्मयाच्या याच शेताची आठवण काढली. त्यांचं लग्न ठरलं त्याच वर्षीच्या जानेवारीत, एप्रिलमध्ये नाझी सरकारने त्याला अटक केली. सगळं जग कोसळत असताना लग्न ठरवणं म्हणजे देवाच्या या पृथ्वीला होकार देणं, असा त्याचा भाव होता. ते लग्न झालं नाही. 9 एप्रिल 1945 ला त्याला फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिलं. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आशेच्या गोष्टी आपण फक्त गोड शेवटाच्या निवडतो.

आपल्या इथली एक बाई आहे. पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. दुष्काळात भुकेने माणूस कसा मरतो ते त्यांनी घरातच पाहिलं होतं. 1896 नंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या निराधार मुली आणि विधवा त्यांनी गोळा करून आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे हाल झाले, तेव्हा याच प्रार्थनाशील बाईने वर्तमानपत्रात लिहून सरकारला जाब विचारला. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करायला घेतलं, छपाई मुक्तीतल्या मुलींच्या हातून. 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं. रमाबाई कामावर परत बसल्या आणि भाषांतर हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 ला गेल्या. धीर हा शब्द ऐकला की मला कुणाचं सोसणं आठवत नाही, ही बाई आठवते.

आणि एकट्याने धरायचा धीर असतो तसा समाजाने धरायचाही असतो. नगर, जालना, बीड भागातल्या आपल्या कितीतरी मंडळ्या पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आल्या आहेत. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, तरी ती निघाली नाही. 2022 मध्ये के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. दर वर्षी 10 ऑगस्टला देशभर चर्चमध्ये निषेध दिन पाळला जातो. अर्ज करणारी पिढी गेली, त्यांच्या मुलांनी अर्ज पुढे नेला. तुमच्या मंडळीतले जे वडील तुम्हाला कोर्ट नको म्हणतात, त्यांनाही ही लढाई पटत असेल. मग एका घराच्या पगाराचा दावा वेगळा कसा?

आशा कशाची, हे तुम्ही विचारलंत. निकाल तुमच्या बाजूने लागेल याची खात्री मी देऊ शकत नाही. आपला प्रभू स्वतः खटला हरलेला आहे. रोमन सुभेदार पिलाताने तीनदा सांगितलं की याच्यात मला दोष सापडत नाही, आणि तरी त्याला वधस्तंभाकडे धाडलं. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र त्याच शहरात उभा राहून म्हणाला, तुम्ही त्याला मारलं, देवाने त्याला उठवलं. सुभेदाराच्या निकालावर वरच्या न्यायालयाने दिलेला हा निकाल आहे, आणि आपली आशा त्यावर टेकलेली आहे. म्हणून कामगार न्यायालयात हरलात तरी यजमानांची किंमत कमी होत नाही, आणि जिंकलात तर ती त्या पैशाने वाढत नाही. हे पक्कं झालं की माणूस जास्त निर्भयपणे लढतो, आणि बरी तडजोड समोर आली तर लाज न वाटता घेऊही शकतो. लोक अदालतीत तडजोड केली म्हणून विश्वास हरला असं नाही; फक्त घाईने, एकट्याने, कोऱ्या कागदावर सही करून करू नका.

मी वकील नाही, पण या कामात जे शिकलो ते सांगतो. प्रॉव्हिडंट फंडाची बाब कामगार न्यायालयातल्या दाव्यावर अवलंबून ठेवू नका. भविष्य निर्वाह निधी कार्यालयात वेगळी तक्रार करा. कंत्राटदाराने भरणा केला नसेल तर मूळ कारखान्याचीही जबाबदारी असते, आणि पगारातून कापलेली रक्कम न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली आहे, तेव्हा ग्रॅच्युइटीचं वकिलांना विचारा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, फंडाचं पासबुक यांच्या दोन झेरॉक्स काढा, एक संच घरी आणि एक मंडळीतल्या विश्वासू माणसाकडे ठेवा. तारखेच्या दिवशी वडीलमंडळीपैकी एकाला बरोबर न्या. ते कोर्टात काही बोलणार नाहीत, फक्त दिवसभर तुमच्याशेजारी बाकावर बसतील, आणि दुपारी पुढची तारीख मिळाली की ती त्यांच्याही डायरीत लिहून घेतील.